घरातला आवाज कमी करायचा तर: उदबत्तीपासून कोब्यापर्यंत

रात्री अकराच्या पुढे, रस्ता जरा निवांत झाला की बेडरूमची खिडकी घट्ट लावा. पंखा बंद करा. एक उदबत्ती पेटवून खिडकीभोवती सावकाश फिरवा. दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात ती मधली उभी रेघ, खालचा ट्रॅक, वरचे दोन कोपरे, चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा, काही सोडू नका. धूर जिथे सरळ वर न जाता वाकतो, थरथरतो, तिथे पेन्सिलीने खूण करा. साध्या सरकत्या खिडकीवर अशा सहा-सात खुणा सहज होतात. आवाज आत येण्याच्या वाटा त्याच.

माझं काम राहत्या इमारतींमधल्या फेरफारांचं, बहुतेक पुणे-मुंबई पट्ट्यातलं. आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा उद्योग करायला लावते, कारण तोवर बऱ्याच जणांनी कुठून तरी 'साउंडप्रूफ' काचेचं कोटेशन आणलेलं असतं. काच वाईट नसते, पण फटी तशाच ठेवून नुसती काच बदलणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीला रंग देणं.

आधी ओळखा: हवेतून की हाडांतून

घरात आवाज दोन वाटांनी येतो. हॉर्न, शेजारचा टीव्ही, कुत्र्याचं भुंकणं, जिन्यातल्या गप्पा हे सगळं हवेतून. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, खलबत्ता, ड्रिल, पाण्याच्या पंपाची घरघर हे इमारतीच्या हाडांतून, म्हणजे स्लॅब, बीम, कॉलम आणि पाइपमधून. दोघांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे वाया जातात.

परीक्षा सोपी आहे. खिडकी उघडून बंद करा. आवाजात ठळक फरक पडला तर तो हवेतला. फरकच पडला नाही, सगळ्या खोल्यांत सारखाच ऐकू येतो आणि कुठून येतो ते कळत नाही, तर कॉलमला कान लावा. तिथे तो मोठा झाला तर तो हाडांतला समजा.

हा फरक मी पुस्तकातून नाही, चुकून शिकले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी ठाण्यात एक गृहस्थ घरी तबला शिकवायचे. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्याचा त्रास. मी खोलीच्या चारही भिंतींना जाड फोम लावून दिला. खोली छान झाली, बोल स्वच्छ ऐकू येऊ लागले, गुरुजी खूश. आजी मात्र म्हणाल्या, "बाई, तुम्ही नक्की काय केलंत? डग्गा तर तसाच येतोय." खरंच तसाच येत होता. फोमने खोलीतला घुमारा शोषला होता. तबला-डग्गा जमिनीवर, जमीन म्हणजे स्लॅब, आणि स्लॅबची खालची बाजू म्हणजे आजींचं छत. त्या वाटेला फोमचा स्पर्शही नव्हता. पुढे माझ्या खर्चाने तिथे एक चौथरा केला: खाली जाड रबराचे तुकडे, वर लाकडी सांगाडा, त्यात रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), वर प्लायचे दोन थर, आणि चौथऱ्याची कड भिंतीला कुठेही टेकू दिली नाही. डग्गा अगदी नाहीसा झाला नाही, पण आजींची दुपारची झोप परत आली.

तेव्हा तीन क्रियापदं वेगळी ठेवा. शोषणं: खोलीच्या आतला घुमारा कमी करणं, हे मऊ, सच्छिद्र वस्तूंचं काम. अडवणं: पलीकडचा आवाज अलीकडे येऊ न देणं, हे वजनाचं आणि घट्टपणाचं काम. तोडणं: थरथर एका वस्तूतून दुसरीत जाऊ न देणं; हे रबराचं, स्प्रिंगचं आणि मोकळ्या सोडलेल्या फटीचं काम. विक्रेता 'अकॉस्टिक पॅनल' म्हणाला की यातलं कोणतं काम ते करणार, एवढं एकच विचारा. अंड्याचे ट्रे यांपैकी एकही काम नीट करत नाहीत. थर्माकोलही नाही.

मोजा, पण मोजण्याच्या नादी लागू नका

फोनवरचं कुठलंही डेसिबल ॲप चालेल. त्याचा आकडा कायदेशीर कामाला उपयोगाचा नाही आणि काही डेसिबलने इकडेतिकडे असणारच. पण 'आधी' आणि 'नंतर'ची तुलना करायला तो पुरतो, अट एकच: तोच फोन, तीच जागा. खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून किमान मीटरभर दूर, पंधरा-पंधरा मिनिटं. एकदा संध्याकाळच्या गर्दीत, एकदा रात्री. ॲपमध्ये सरासरी दिसत असेल तर ती लिहून ठेवा. क्षणाचा उच्चांक काही सांगत नाही.

तुलनेला आधार म्हणून २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे आकडे घ्या. राहत्या भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, ५५ डेसिबल; रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हे आकडे बाहेरच्या हवेसाठी आहेत. झोपायच्या खोलीत रात्री ३०-३५ पर्यंत उतरता आलं तर उत्तम.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेसारखा चालत नाही. आवाजाची ऊर्जा निम्मी झाली की आकडा फक्त ३ ने उतरतो, आणि ३ चा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज 'अर्धा झाला' असं वाटायला साधारण १० ने उतरावा लागतो. म्हणून कोटेशनमध्ये 'आवाज ५० टक्के कमी' असं दिसलं तर नक्की काय ५० टक्के, ते विचारा. ऊर्जा असेल तर तो माणूस खोटं बोलत नाही, फक्त तुम्हाला ३ डेसिबल विकतोय.

ॲपमध्ये 'ए' आणि 'सी' अशी दोन मापं असतात: 'ए' आपल्या कानासारखं खालच्या पट्टीचे आवाज कमी धरतं, 'सी' ते जवळपास पूर्ण मोजतं. दोन्ही पाहा. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा १५-२० ने जास्त असेल तर तुमचा शत्रू खालच्या पट्टीतला आहे: डिझेल इंजिन, जनरेटर, डीजे. पुढे खिडकी निवडताना हे कामाला येईल.

सगळ्यात कच्चा दुवा कुठला

एक हिशेब करून पाहू. रस्त्याकडची भिंत खिडकीसकट १२ चौरस मीटर धरा. त्यात ९ चौरस मीटर गिलावा केलेली विटांची भिंत, जी साधारण ४५ डेसिबल अडवते, आणि ३ चौरस मीटर खिडकी, बऱ्यापैकी बसणारी, २५ अडवणारी. दोन्ही मिळून किती? मन म्हणतं सरासरी, म्हणजे ४०. पण आवाज ज्या वाटेने सोपं पडेल त्या वाटेने येतो, आणि उत्तर येतं ३१.

आता समजा, कुणाच्या सल्ल्याने त्या भिंतीला आतून जिप्समची आणखी एक भिंत लावली, खोलीची तीन-चार इंच जागा घालवली आणि भिंत ४५ ची ५५ केली. एकूण आकडा? परत ३१. तोच खर्च खिडकीवर केला आणि ती २५ ची ३५ झाली, तर एकूण ४०. हा हिशेब कळला की सोसायटीतल्या निम्म्या वादांमध्ये काय करायला हवं ते आपोआप दिसतं.

फटींचा हिशेब तर याहून कडक. दीड मीटर रुंद, १.२ मीटर उंच अशी सरकती खिडकी घ्या. चौफेर कड आणि मधली उभी रेघ मिळून लांबी ६.६ मीटर. तिथे सगळीकडे नुसती ३ मिलिमीटरची फट असेल तर तिचं क्षेत्रफळ खिडकीच्या १ टक्क्याच्या थोडं वर जातं. आणि १ टक्का भोक असलेली कुठलीही वस्तू, मग ती काचेची असो की पोलादाची, २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही.

खिडकी: इथे वेळ घालवा

खर्चाच्या क्रमाने जा, खालच्या पायरीपासून.

चौकटीची मागची बाजू पाहा. ॲल्युमिनियमवाला चौकट बसवतो, चार स्क्रू मारतो, भिंत आणि चौकट यांच्यामधली पोकळी बाहेरून सिलिकॉनच्या पातळ पट्टीने झाकतो आणि निघून जातो. बोटाच्या टिचकीने वाजवा. पोकळ वाजलं तर ती जागा सिमेंट-वाळूच्या घट्ट मसाल्याने खोलवर भरून घ्या आणि आत-बाहेर दोन्हीकडे सिलिकॉन मारा. पिवळा पीयू (पॉलियुरेथेन) फोम नुसता फुगून जागा भरतो. वजन नसल्याने आवाज अडवायला एकटा पुरत नाही.

मग तावदानांच्या कडेचा केसाळ ब्रश. पाच-सहा वर्षांत तो बसतो, गळतो. बदलायला फारसा खर्च नाही आणि उंच पट्टीतले आवाज, हॉर्नची किणकिण, लगेच कमी होतात. इथे एक सावधगिरी: खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान भोकं असतात, ती पावसाचं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. आवाजाच्या रागात ती बुजवू नका. जूनमध्ये सगळं पाणी गादीवर येतं. हे सुद्धा मी एकदा पाहिलंय.

पुढची पायरी म्हणजे सरकती खिडकी काढून बिजागरीची झडप लावणं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी उडी इथे मिळते. सरकत्या खिडकीला सरकायला मोकळीक लागते, आणि मोकळीक म्हणजे फट. झडप मात्र हँडल फिरवलं की रबराच्या पट्टीवर दाबून बसते. रबराच्या दोन ओळी आणि दोन-तीन ठिकाणी पकडणारं कुलूप मागा. युपीव्हीसी (कडक प्लास्टिक) की ॲल्युमिनियम हा वाद आवाजापुरता गौण आहे. रबर कसं दाबलं जातं ते महत्त्वाचं. परीक्षा: कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि ओढा. सहज निघाली तर बिजागरी किंवा कुलूप परत बसवून घ्या.

काच यानंतर. काचेला एक खोड आहे: तिच्या जाडीनुसार ठरावीक सुराला ती स्वतःच थरथरू लागते आणि तो सूर आरामात आत सोडते. ६ मिलिमीटर काचेला हा सूर साधारण २००० हर्ट्झच्या (सेकंदाला २००० थरथरींच्या) आसपास, १२ मिलिमीटरला १००० च्या आसपास. नुसती जाडी वाढवली की दुखणं फक्त जागा बदलतं. दोन काचांच्या मध्ये चिकट पडदा असलेली लॅमिनेटेड काच ही थरथर दाबते, म्हणून त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती चांगली. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर दुहेरी काचेच्या आधी लॅमिनेटेड घ्या.

दुहेरी काच आधी नको हा आग्रह का, ते सांगते. सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका जोडप्याने मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे नवी कोरी दुहेरी काच बसलेली होती: ६ मिलिमीटर काच, १२ मिलिमीटर हवा, परत ६ मिलिमीटर काच. खाली बसस्टॉप. काकू म्हणाल्या, "हॉर्न गेले हो, पण बस उभी राहून घुर्र करते ना, ते आता जास्तच डोक्यात जातं." भ्रम नव्हता. दोन काचा आणि मधली कोंडलेली हवा मिळून दोन वजनं आणि एक स्प्रिंग होतात, आणि या मापांना त्या जोडीचा स्वतःचा सूर २०० हर्ट्झच्या जवळपास येतो. त्या सुराच्या आसपास दोन काचा एकीपेक्षा काही चांगलं करत नाहीत. उभ्या बसची घरघर त्याच टापूत, किंवा त्याच्याही खाली. वरचे आवाज गेल्यामुळे उरलेली घरघर आणखी उघडी पडली. ती काच उष्णतेसाठी उत्तम आहे. कारखान्यात तिची मापं त्याच हिशेबाने ठरलेली असतात.

त्यांच्याकडे उपाय निघाला तो जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींसारखा. भिंत नऊ इंची होती. बाहेरची खिडकी तशीच ठेवली आणि आतल्या कडेला दुसरी, स्वतंत्र चौकटीची खिडकी लावली. दोन्हींमध्ये १०० मिलिमीटरच्या वर अंतर मिळालं. अंतर वाढलं की त्या स्प्रिंगचा सूर खाली घसरतो. १०० मिलिमीटरला तो ७० हर्ट्झच्या आसपास येतो. आतल्या काचेची जाडी बाहेरच्यापेक्षा वेगळी ठेवली, म्हणजे दोघींची खोड एकाच सुरावर येत नाही. मधल्या पोकळीच्या कडांना पातळ शोषक पट्टी चिकटवली. दिसायला थोडं अवघड आणि पुसायला चार बाजू, ही तक्रार काकूंची अजून आहे.

आता भोकं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक कागदाचा बोळा कोंबून बंद केलेलं असतं. ते मसाल्याने भरा. विंडो एसी म्हणजे खिडकीतलं मोठं भोक, त्याच्या जागी स्प्लिट आणा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि बेडरूम यांच्यामध्ये दार असू द्या.

आणि हवा. खिडक्या घट्ट झाल्या की खोलीत ताजी हवा येणं थांबतं, आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. दोन माणसं बंद खोलीत आठ तास झोपली की सकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही. म्हणून रस्त्याच्या उलट्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवा. तशी बाजू नसेल तर प्लायची एक लांब पेटी करा, आतून रॉकवूल आणि त्यावर कापड, मध्ये एक-दोन वळणं, टोकाला लहान पंखा. हवा वळणं घेत येते, आवाज वळणावरच्या अस्तरात मुरतो. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची हवेची वाट आवाजासाठी कधीही बंद करू नका. जिवाशी खेळ आहे.

दार आणि शेजारची भिंत

मुख्य दारात बहुतेक दोष खाली असतो, उंबरठ्याच्या वर बोटभर फट. दार लावलं की खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते, ती बसवा. चौकटीच्या तिन्ही बाजूंना दाबली जाणारी रबरी पट्टी. पोकळ फ्लश दार असेल तर भरीव दार घ्या.

दोन फ्लॅटच्या मधल्या भिंतीत पाहायच्या जागा दोन. एक, विजेचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवले असतील तर तिथे भिंत जवळपास नसतेच. एक बोर्ड फूट-दीड फूट सरकवा आणि जुनी खाच विटांनी भरा. दोन, भिंत वर बीमला खरोखर टेकली आहे का ते बघा. हलक्या एएसी (हवेच्या बुडबुड्यांच्या काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत बांधताना वरचा शेवटचा थर अनेकदा अर्धवट भरलेला असतो. हे ब्लॉक उष्णतेला चांगले, पण हलके. आणि अडवणं हे वजनाचं काम, वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबल पदरात पडतात. दोन घरांमधल्या भिंतीला मला अजूनही वीट बरी वाटते. ऑफिसमध्ये पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवतात आणि मग साहेबांच्या केबिनमधलं गुपित सगळ्या मजल्याला कळतं, ते याच घराण्यातलं.

वरच्यांचे पाय

इथे औषध वरच्यांच्या घरात आणि दुखणं तुमच्या घरात, ही खरी अडचण. खाली जाड फॉल्स सीलिंग केलं तरी थरथर स्लॅबमधून भिंतींत उतरलेली असते आणि भिंती बोलत राहतात. म्हणून आधी वर जा, डबा घेऊन जा.

वरच्यांनी मान्य केलं तर स्वस्तातली यादी अशी: खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या चकत्या, आणि त्या दर काही महिन्यांनी बदलायच्या, कारण त्यांत केस आणि वाळू बसली की त्याच करकरतात. मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा. खलबत्ता ओट्यावर न ठेवता घडी घातलेल्या गोणपाटावर. वॉशिंग मशीन नीट समतल करून जाड रबरावर. मुलं जिथे उड्या मारतात तिथे सतरंजीऐवजी जाड फोमची चटई. सतरंजी खुर्चीचा खरखराट थांबवते, पण अनवाणी टाचेचा धप्प थांबवत नाही. तो फार खालच्या पट्टीतला असतो.

फरशी नव्याने बसणारच असेल तर संधी दवडू नका. जुनी फरशी आणि तिच्याखालचा मसाला काढून स्लॅब साफ करा. त्यावर ५ ते १० मिलिमीटर जाडीचं रबर किंवा बंद छिद्रांचा पॉलिइथिलीन फोम अंथरा, सांधे टेपने बंद करा. तोच पट्टा भिंतीच्या कडेने वर वळवा, होणाऱ्या फरशीच्या वरपर्यंत. त्यावर जाळी टाकून ५० मिलिमीटरचा कोबा, मग फरशी. ही तरंगती जमीन. ती यशस्वी होते की नाही हे गवंडी कडेला काय करतो यावर ठरतं: मसाल्याचा एक गोळा फोमच्या भोकातून स्लॅबला टेकला, किंवा स्कर्टिंग फरशीवर दाबून बसवलं, की तिथून थरथर पूल ओलांडून जाते आणि सगळं अंथरूण फुकट. स्कर्टिंग आणि फरशीत २-३ मिलिमीटर फट ठेवून ती लवचीक सिलिकॉनने भरायची. मी त्या दिवशी साइट सोडत नाही.

५० मिलिमीटर कोबा चौरस मीटरला ११०-१२० किलो भरतो. जुना मसाला काढलेला असेल तर वाढ थोडीच असते, पण जुन्या फरशीवरच नवं काही चढवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. दारांची उंचीही तपासा.

पाइप, पंप, लिफ्ट

वरच्या बाथरूमचं पाणी तुमच्या पलंगामागून धो धो खाली जातं, कारण सांडपाण्याचा पाइप पीव्हीसीचा, हलका आहे. जुन्या बिडाच्या पाइपचा असा आवाज येत नसे. पाइपभोवती आधी रॉकवूल, त्यावर जड व्हिनाइलचा पत्रा गुंडाळा, सांधे टेपने बंद करा, मग बाहेरून बोर्डाची पेटी. क्लॅम्प रबर लावलेले हवेत आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे मसाल्याने आवळलेला नसावा.

नळ बंद करताना भिंतीत धाडकन ठोका बसत असेल तर दाब जास्त आहे. सोसायटीने त्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायला हवा. पंपाची घरघर दहाव्या मजल्यापर्यंत जाते ती बहुधा पाइपमधून. पंप रबर किंवा स्प्रिंगवर ठेवलेल्या जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा आणि दोन्ही पाइपांना लवचीक जोड द्या. यातलं एकच केलं तर अर्धं काम होतं असं नाही, जवळपास काहीच होत नाही. जनरेटरचं सोपं आहे: १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलची कमाल मर्यादा २००५ पासून लागू आहे. सोसायटीचा जास्त ओरडत असेल तर पेटीची दारं आणि रबर आधी पाहा, बहुतेकदा उन्हाळ्यात 'हवा लागावी' म्हणून ती उघडी ठेवलेली असतात.

घुमणारा हॉल

सोसायटीच्या सभेत कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही याला नेहमीच स्वभाव कारण नसतो. हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ३.३ मीटर उंच धरा. घनफळ ३१७ घनमीटर. फरशी, छत, भिंती मिळून ३२४ चौरस मीटर, सगळं कडक. अशा पृष्ठभागांवर पडलेल्या आवाजातला जेमतेम ३ टक्के भाग शोषला जातो, म्हणजे शोषण साधारण १० एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा एक चौरस मीटर). घुमारा विरायला लागणारा वेळ = ०.१६ गुणिले घनफळ भागिले शोषण. उत्तर ५ सेकंद. बोलणं कळायला हवा १ सेकंदाच्या आत. पन्नास माणसं बसली की ती स्वतः वीसेक एकक शोषतात आणि वेळ पावणेदोन सेकंदांवर येतो. दहा जणांच्या सभेत मात्र रडगाणं कायम.

हे सूत्र वॉलेस साबिन यांचं. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका निरुपयोगी ठरलेल्या व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहाच्या गाद्या रात्री आणून टाकायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, असं त्यांनी कित्येक रात्री केलं. आपल्या हॉललाही आणखी ४५ एकक शोषण हवं. छताच्या ६० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे ग्लासवूलचे (काचेच्या लोकरीचे) बोर्ड कापडात गुंडाळून लावले तर ते मिळतं आणि वेळ ०.९ सेकंदावर येतो. नुसता पीयू फोम छताला लावू नका. आग लागली तर तो भराभर पेटतो आणि धूर विषारी. आग न पकडणाऱ्या मालाचं प्रमाणपत्र मागा. आधी-नंतर फुगा फोडून ऐका. फरक ॲपशिवाय कळतो.

हॉलला घुमटाकार छत द्यायचा मोह सोसायट्यांना आणि मंदिराच्या विश्वस्तांना सारखाच होतो. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या विजापूरच्या गोलघुमटात कुजबूज पलीकडे ऐकू येते म्हणून आपण कौतुकाने जातो, पण तिथे वार्षिक सर्वसाधारण सभा घेऊन पाहा. वाकलेला पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो. घुमट हवाच असेल तर त्याच्या आत शोषक थर द्या.

नकाशा अजून कागदावर असेल तर

मग वरचं अर्धं काम पेन्सिलीने होतं. बेडरूमला लिफ्टची भिंत लागू देऊ नका. मध्ये कपाट, बाथरूम किंवा जिना आणा. एका घराच्या बेडरूमवर दुसऱ्याचं स्वयंपाकघर येऊ देऊ नका. रस्त्याकडे बाथरूम, जिना, ड्राय बाल्कनी, आणि झोपायच्या खोल्या मागे. बाल्कनीला गजांऐवजी भरीव कठडा आणि छताला शोषक बोर्ड दिला तर खिडकीपर्यंत पोचणारा आवाज थोडा उतरतो. वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ३ डेसिबलने उतरतो, म्हणून 'वरचा मजला घेऊ, शांत असेल' यात फारसा अर्थ नाही. वर गेल्यावर रस्ता उलट जास्त लांबपर्यंत दिसतो. कुंपणाच्या भिंतीने तळमजल्याचं भलं होतं, पाचव्याचं नाही. चार झाडांनी आवाज अडत नाही, पण झाडं लावा. आर्किटेक्टला राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतला आठव्या भागाचा चौथा विभाग उघडायला सांगा. तो याच विषयाचा आहे आणि फार कमी टेबलांवर मी तो उघडा पाहिला आहे.

गणपतीत खाली डीजे उभा राहिला तर यातलं काहीही पुरणार नाही, हे आधीच सांगते. इतक्या खालच्या पट्टीला घरातल्या भिंतीही पडद्यासारख्या वाटतात. त्या रात्री तक्रार करायची ती ११२ वर.

कामाची ऑर्डर लिहिताना काचेचा ब्रँड लिहिण्याआधी हे लिहा: चौकटीमागे पूर्ण खोल भरणं, रबराच्या ओळी किती, कागदाच्या पट्टीची परीक्षा, कोब्याची कड भिंतीपासून सुटी. आणि शेवटचा हप्ता काम संपल्याच्या दिवशी देऊ नका. एक रात्र त्या खोलीत झोपा, त्याच फोनवर, त्याच जागी पंधरा मिनिटं मोजा, उदबत्ती फिरवा, मग द्या.